बार मित्झवाला जाताना

मागच्या आठवड्यात आपल्याच एका गटातल्या ताईंचा फोन आला. त्यांच्या गावात पूर्वी राहणारं एक इस्राएल कुटुंब नातवाच्या कार्यासाठी परत आलंय, शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये बोलावलंय. पत्रिकेवर ‘बार मित्झवा’ असं छापलंय. ताई म्हणाल्या, “अहो, हे नेमकं काय असतं? काय नेसू? काय नेऊ? आम्ही आत गेलेलं चालतं का?” मी म्हटलं, हे सगळ्यांनाच सांगते, कारण हे प्रश्न मलाही एकदा पडायला हवे होते. मला पडले नाहीत आणि मी चुका करून बसले. त्या ओघात येतीलच.

रायगडातल्या आपल्या जुन्या बायकांना इस्राएल लोक नवीन नाहीत. ‘शनिवार तेली’ म्हटलं की आजी लगेच ओळखायची. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव पडलं. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं, त्यातले सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. आडनावं पाहा, पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर. म्हणजे आपल्याच गावांची नावं. घरात मराठी, अंगावर साडी, गळ्यात मंगळसूत्र. स्वतःला ते बेने इस्राएल म्हणवतात, म्हणजे इस्राएलची लेकरं. १९४८ नंतर बरेच लोक इस्रायल देशात गेले. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे. त्याची मूळ बांधणी १८४८ सालची, पुढे १९१० मध्ये ते नव्याने बांधलं. गावोगावच्या घरांना कुलपं लागली, तरी दिवाबत्ती करणारी माणसं मागे राहिली.

आता बार मित्झवा म्हणजे काय. ‘मित्झवा’ म्हणजे देवाची आज्ञा, आणि ‘बार’ म्हणजे मुलगा. मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते, तोवर ती आईबापांची असते. आपल्याकडे लगेच म्हणतात, “म्हणजे मुंजच की.” तसं थोडंफार आहे, पण एक फरक लक्षात ठेवा. मुंज लावावी लागते, इथे कोणी काही लावत नाही. यहुदी पंचांगाप्रमाणे तेरा वर्षं भरली की मुलगा आपोआप बार मित्झवा होतो, कार्य करा नाहीतर नका करू. सिनेगॉगमध्ये होतं ते एवढंच, की त्याला पहिल्यांदा तोरा वाचायला नावाने पुढे बोलावतात. तोरा म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, चामड्याच्या लांब गुंडाळीवर हाताने लिहिलेला. त्यात हिब्रूची नुसती व्यंजनं असतात. स्वरांच्या खुणा नाहीत, चालीच्या खुणा नाहीत. मुलगा कित्येक महिने ते पाठ करत असतो. त्या दिवशी त्याच्या पोटात जो गोळा आलेला असतो तो आपल्या दहावीच्या मुलांसारखाच.

आता माझी गोष्ट. आमच्या शेजारी राहायच्या त्या मावशी. मावशीच म्हणायची मी, नातं काही नाही. त्यांची मुलगी माझ्याबरोबर शाळेत होती. लग्न होऊन इस्रायलला गेली आणि मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर मुद्दाम इथे घेऊन आली, आजीच्या गावात कार्य व्हावं म्हणून. आम्हा गटातल्या चौघींना बोलावणं होतं. मी आपली नेहमीप्रमाणे तयारी केली. नारळ घेतला, खण घेतला, पाकिटात एकशे एक रुपये घातले आणि दारातच मावशींच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतले. रागाने नाही, पण घेतले खरे. म्हणाल्या, “आज नको गं. उद्या घरी ये, तेव्हा घेईन.” चारचौघींत मला ओशाळल्यासारखं झालं.

कारण नंतर कळलं. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो, तो शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात काम नाही. चूल पेटवायची नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, लिहायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. शुक्रवारीच स्वयंपाक करून ठेवतात आणि सूर्यास्ताआधी घरची बाई दिवे लावते. म्हणून शनिवारच्या कार्याला पाकीट, भेटवस्तू, पिशव्या काहीही हातात नेऊ नका. द्यायचंच असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत घरी पोचवा नाहीतर रविवारी जा. किती द्यावं? ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेतल्या यहुद्यांत अठराच्या पटीत पैसे देण्याची पद्धत आहे. अठरा, छत्तीस, असे. हिब्रूत अक्षरांना आकडे असतात आणि ‘जीवन’ या शब्दाच्या अक्षरांची बेरीज अठरा होते, म्हणून. आपण वरचा एक रुपया घालतो, तसंच हे. इथे कोणी तुमच्याकडून अठराचा हिशोब मागणार नाही.

दुसरं म्हणजे फोन. बंद करूनच जा. नुसता आवाज बंद केला तर थरथरतो, आणि लाकडी बाकावर ते थरथरणं पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जातं. तेही माझंच झालं. शब्बाथला फोटो काढायचे नाहीत, व्हिडिओ नाही, आत नाही आणि अंगणातही नाही. फोटो हवेत म्हणून काही कुटुंबं सोमवारी किंवा गुरुवारी कार्य ठेवतात, कारण तोरा त्या दोन दिवशीही वाचली जाते. त्या दिवशी मात्र यजमानांना विचारून फोटो काढता येतात.

कपड्यांचं सोपं आहे. साडी नेसा, खांदे-दंड झाकलेले असू द्या, आत गेल्यावर पदर डोक्यावरून घ्या. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी. पांढरी साडी नेसायला कचरू नका, त्यांच्यात पांढरा रंग आनंदाचा. पूर्वापार त्यांची नवरीसुद्धा पांढरी साडी नेसते. आपलं कुंकू, आपल्या बांगड्या जशा आहेत तशा राहू द्या. बरोबर नवरा किंवा मुलगा असेल तर त्याने डोकं झाकायला हवं. दारात छोट्या गोल टोप्या ठेवलेल्या असतात, त्यातली एक घालायची. पुरुष खांद्यावर झालरीची शाल घेतात, ती मात्र यहुदी पुरुषांची. पाहुण्याने मान म्हणूनसुद्धा उचलायची नाही. चपलांबद्दल विचाराल तर दारात पुढचे लोक काय करतात ते पाहा आणि तसं करा. मुंबई-पुण्याला जाणार असाल तर आधी आपलं नाव कळवा आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. २००८ साली मुंबईत नरिमन हाऊसवर हल्ला झाला, तेव्हापासून तिथल्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात आणि विचारपूस होते. त्यात वाईट वाटून घेऊ नका.

दाराच्या चौकटीवर एक छोटी तिरपी डबी ठोकलेली दिसेल. येणारे-जाणारे तिला बोटं लावून ओठांना लावतात. आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना असते. आपण तसं केलं नाही तरी चालतं. आत मूर्ती नाही, समई नाही, आरती नाही, त्यामुळे हार-फुलं-उदबत्ती नेऊ नका आणि कुठे साष्टांग नमस्कार घालायला जाऊ नका. एका भिंतीत पडदा लावलेलं कपाट असतं, त्यात तोरा ठेवलेली असते. ते कपाट यरुशलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. बायका वेगळ्या बसतात, कुठे वर माडीवर, कुठे बाजूच्या बाकांवर. कपाट उघडलं की सगळे उभे राहतात. आपणही उभं राहायचं आणि ते बंद होईपर्यंत किंवा बाकीचे बसेपर्यंत बसायचं नाही. उशीर झाला आणि आत सगळे उभे दिसले तर दाराशीच थांबा. मध्ये एक वेळ अशी येते की सगळे उभ्या उभ्या मनातल्या मनात प्रार्थना करतात. तेव्हा शेजारणीच्या कानातसुद्धा बोलायचं नाही आणि कोणाच्या समोरून जायचं नाही. प्रार्थनेचं पुस्तक हातात दिलं तर ते उजवीकडून उघडतं. जमिनीवर ठेवू नका. चुकून पडलं तर ते लोक उचलून त्याला ओठ लावतात, आपण निदान पटकन उचलावं.

तर त्या शनिवारी आम्ही बसलो, नऊ वाजले, आणि काही सुरूच होईना. मी हळूच शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “दहा जण व्हायला हवेत.” सार्वजनिक प्रार्थनेला आणि तोरा काढायला दहा मोठे पुरुष लागतात, मोठे म्हणजे तेरा पूर्ण झालेले. त्याला ते मिन्यान म्हणतात. पाहुण्यांत आमचे पुरुष होते, माझा नवरा होता, पण ते त्यात धरत नाहीत. मी उत्साहाने बोट दाखवून मोजायला लागले, एक, दोन, तीन. एका म्हाताऱ्या बाबांनी ऐकलं आणि हसून मान हलवली. माणसं अशी मोजायची नाहीत. त्यांच्यात एक दहा शब्दांचं वचन आहे, एकेका माणसाला एकेक शब्द म्हणत जायचं. शब्द संपले की दहा झाले.

मला आमच्या खळ्यातले आजोबा आठवले. धान्य मापताना पहिल्या मापाला ते कधी ‘एक’ म्हणायचे नाहीत. ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, तीन. बरकतीच्या गोष्टीवर आकडा ठेवायचा नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे, फक्त ते धान्याला लावलं होतं.

बाबांनी वचन म्हटलं. नऊ शब्दांना नऊ माणसं झाली. एक शब्द राहिला. तेव्हा त्या मुलाच्या मामाने त्याला खांद्याला धरून मध्ये आणलं, आणि बाबांनी शेवटचा शब्द त्याच्यावर म्हटला. त्याच्या तेराव्या वाढदिवसाला चार दिवस झाले होते. आठवड्यापूर्वी तो तिथे असता तरी प्रार्थना सुरू झाली नसती. पोराच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. त्याला कळलं होतं की आज आपल्यामुळे कपाट उघडतंय. मावशींनी पदर तोंडाला लावला.

मोठ्या शहरांत, परदेशात, जिथे माणसं भरपूर आहेत, तिथे हे दहाचं गणित कोणाच्या लक्षातही येत नसेल. जिथे घरं ओस पडली तिथे ते दर शनिवारी पुढे येतं. आपल्याकडे गाव रिकामं झाल्यावर पालखीला खांदेकरी मिळत नाहीत, तसं.

आता तुम्ही म्हणाल, आणि मीही मैत्रिणीला त्याच दिवशी विचारलं, की बाकांवर आम्ही सतरा बायका बसलो होतो, त्यातल्या निम्म्या तुमच्या समाजाच्या, आणि मोजणी मात्र नवावर अडली? ती म्हणाली, “आमच्याकडे जुन्या रीतीत बायका धरत नाहीत. सगळीकडे तसं नाही.” ते खरं आहे. मुलींचंही कार्य असतं, त्याला बात मित्झवा म्हणतात. जुन्या रीतीत मुलगी बाराव्या वर्षीच जबाबदार मानतात, मुलाच्या एक वर्ष आधी! पण तिला सिनेगॉगमध्ये पुढे बोलावण्याची पद्धत नव्हती. १९२२ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कप्लान नावाच्या बारा वर्षांच्या मुलीने भर सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथातला भाग वाचला. तिचे वडील रब्बाय होते, त्यांनीच हे घडवून आणलं. अमेरिकेतली ही पहिली जाहीर बात मित्झवा समजतात. आणि आपल्या मुंबईत १९२५ साली सुधारक विचारांच्या यहुद्यांची संस्था सुरू झाली, ती एका बाईने केली. डॉक्टर जेरुशा झिराड, बेने इस्राएलच, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. कितीतरी बायकांची बाळंतपणं त्यांच्या हाताखाली झाली. पुढे १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुधारक सिनेगॉगांत आज बायकाही दहांत धरतात. म्हणून पाहुणी म्हणून जाताना, इथे कोणती रीत आहे ते यजमानीण बाईंना आधी विचारून घ्यावं. वेगळं बसायचं की एकत्र, हे त्यावरूनच ठरतं. आणि मनात प्रश्न आला तर तो कार्य झाल्यावर, चहाच्या वेळी विचारावा, मी विचारला तसा. भर प्रार्थनेत नाही.

पुढचं सांगते. तोरा बाहेर काढतात, कुठे ती मखमली आवरणात असते, कुठे लाकडाच्या किंवा चांदीच्या पेटीत. ती मिरवत मधल्या चौथऱ्यावर आणतात. जवळून गेली तरी आपण हात लावायचा नाही. वाचणाराही अक्षरांना बोट लावत नाही, चांदीची एक छोटी काडी असते, तिच्या टोकाला बोट कोरलेलं, ती ओळीवरून फिरवतात. मुलगा वाचताना अडखळला तर शेजारी उभे असलेले लगेच शब्द सुधारतात, मोठ्याने. आपल्याला वाटतं पोराची फजिती झाली. तसं नाही, शब्द चुकीचा राहू द्यायचा नाही हा नियमच आहे. आपण हळहळायचं नाही, चुकचुकायचं नाही. वाचून झालं की टाळ्याही नाहीत. बऱ्याच ठिकाणी मुलावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात. तुमच्या हातात पुडी दिली तर उधळा, पण मऊ गोळ्या असतात त्या हळू टाकायच्या, नेम धरून नाही. लहान मुलं वेचायला धावतात. मोठ्याने ‘मझल तोव’ म्हणायचं, म्हणजे अभिनंदन. शनिवारी भेटताना ‘शब्बाथ शालोम’. हे दोन शब्द पुरेत, बाकी मराठी आहेच. कोणी कर्मठ गृहस्थ बायकांशी हात मिळवत नाहीत, त्यांना आपला दोन हात जोडून नमस्कार बरोबर लागू पडतो.

सगळं मिळून दोन-तीन तास जातात. तान्हं बाळ रडलं तर बाहेर अंगणात न्या, कोणी काही म्हणत नाही.

जेवणाचं सांगायला हवं, कारण आपण बायका हात हलवत जात नाही. घरचं शिजवलेलं काही नेऊ नका, अगदी शुद्ध तुपातले लाडूसुद्धा नाही. त्यांच्या खाण्याचे नियम आहेत, त्याला कोशेर म्हणतात. डुक्कर चालत नाही. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या चालत नाहीत, कारण माशाला खवले आणि पर दोन्ही हवेत. मटण आणि दूध-दही-तूप एका जेवणात चालत नाही, भांडीही त्यांची वेगळी असतात. म्हणूनच आपल्या कोकणातल्या इस्राएल घरांत मटणाला नारळाचं दूध घालतात, आणि काय चव असते! फळं न्यायची तर अख्खी, न कापलेली, आणि तीही शुक्रवारी. जेवायला बसलं की लगेच घास उचलू नका. आधी पेल्यावर प्रार्थना होते. बाहेरची दारू-वाइन नको म्हणून आपल्याकडे काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत करतात, तेच त्या पेल्यात असतं. मग भाकरी-पोळीवर प्रार्थना होते आणि मग सगळे जेवतात. पानावरून उठूनही शेवटची प्रार्थना होईपर्यंत थांबावं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी नारळ आणि पाकीट घेऊन परत गेले. घरी मलिदा होता. ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, बाजूने खजूर आणि फळं. एलियाहू हनबी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते करतात, काही चांगलं घडलं की आभार म्हणून. जगातल्या दुसऱ्या कुठल्या यहुद्यांत असा मलिदा नाही, हा आपल्या कोकणातला. तिथेही डोक्यावर पदर, प्रार्थना संपेपर्यंत ताटाला हात नाही, मग दोन्ही हात पुढे करून घ्यायचा.

मावशींनी नारळ घेतला, खणाची घडी उलगडून पाहिली, पाकीट नातवाच्या हातात दिलं आणि त्याला म्हणाल्या, “ही काल आली होती बघ.” तो मुलगा मराठी फारसं बोलत नाही. पण कालच्या सगळ्या माणसांत त्याला मी चांगली लक्षात होते. फोन वाजला होता ना माझा.